पहिली पंगत भट्टीची

"ओरड," वस्ताद म्हणाली.

मी इकडंतिकडं पाहिलं. शेलूबाजारचा जीप स्टँड, बाजाराचा दिवस, भर गर्दीची वेळ. एकीकडं भाजीवाल्या बसलेल्या, दुसरीकडं "कारंजा कारंजा कारंजाऽऽ" करत जीपवाले एकमेकांवर कडी करून राहिलेले. आणि मधोमध ही बाई. पातळ पोटरीपर्यंत वर खोचलेलं, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, गळ्यात पीटीच्या मास्तरांसारखी शिट्टी, आणि मला म्हणते, ओरड!

"काय ओरडू?"

"'तेल आलं, सरका', असं ओरड. थो जीपवाला पलटून पाह्यला पायजे."

मी तिच्याकडं काम मागायला गेले होते. लग्नाकार्याचे सयपाक करायची ती, आणि तिच्या भट्टीवर बायाच असतात असं ऐकलं होतं. मला वाटलं, भाताला पाणी किती विचारेल, बुंदीचा पाक कसा ओळखते विचारेल. सगळी उत्तरं घोकून गेले होते, बारावीच्या परीक्षेला घोकली नव्हती इतकी! आणि ही म्हणते ओरड. माझा आवाज सासरी फक्त बकऱ्यांना माहीत होता. पहिल्यांदा ओरडले तर शेजारच्या मेथीवालीनंसुद्धा मान वर केली नाही.

"हे तं तू तेलाले सांगून राह्यली," वस्ताद म्हणाली. "मानसाले सांग."

परत ओरडले. मेथीवाली म्हणाली, "काय झालं व माय, पोट दुखून राह्यलं काय?" मग मात्र माझं डोकं फिरलं. पोटातून, बेंबीच्या देठापासून ओरडले, "तेल आलंऽऽ! सरकाऽऽ!" आणि बाप्पा! जीपवाल्याचं 'कारंजा' अर्ध्यातच थांबलं. एक म्हातारबा धोतर सावरत बाजूला झाले. मेथीवालीनं तर टोपलीच उचलली. वस्तादनं शिट्टी फुंकली आणि म्हणाली, "उद्यापासून ये." बस्स! पोळी नाही, भात नाही, काही नाही.

कारण पुढं कळलं. एवढाल्या भट्टीवर उकळत्या तेलाचं भांडं घेऊन बाई मागून येत असते. पुढच्याला काय हाक मारावी, भाऊजी म्हणावं की दादा, मोठ्यानं बोललं तर लोक काय म्हणतील, असा विचार करेपर्यंत तेल सांडलेलं असतं. वस्तादच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. तो दाखवून ती सांगायची, "हे लाजेचं काम हाय. दुसरीच्या लाजेचं. माह्या अंगात तं लाज नव्हतीच." आणि हे सांगताना खदखदून हसायची.

तिचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर फोन करून शिव्या घालेल, आणि तिच्या शिव्या घरभर ऐकू जातात. गावोगाव तिला वस्तादच म्हणत. कोणी आदरानं 'वस्तादबाई' म्हटलं की ती म्हणायची, "गड्याले वस्तादबाप्या म्हनता काय? नाई ना? मंग मले कायले शेपूट लावता?" माहेर-सासर दोन्हीकडं भाजीपाल्याचे मळे. घरची वांगी, घरचे टमाटे, मंगरूळच्या बाजारात बसून विकायचं सोडून ही एका आचाऱ्याच्या हाताखाली पोळ्या लाटायला गेली. बरीच वर्षं लाटत बसली. 'बसली' हाच तिचा राग होता. लग्नाच्या सयपाकात गडी भट्टीपाशी उभे, आणि बाया खाली सतरंजीवर बसून पोळ्या लाटणार. तिचं म्हणणं असं, की उभं राहणाऱ्याला लोक आचारी म्हणतात आणि बसणारीला बाई म्हणतात. दोघं तितकेच राबतात, पण मान उभ्याला.

म्हणून स्वतःचं काम काढलं तेव्हा तिनं कढई घेतली नाही, झारा घेतला नाही. आधी शेलूबाजारच्या एका वेल्डिंगवाल्याकडं गेली आणि म्हणाली, बायांना उभ्यानं पोळ्या लाटायला टेबल कर. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करणारा माणूस. त्यानं ट्रॉलीच्याच मापात टेबल केलं, त्यावर पोळी लाटायची तर बाईला आधी शिडी लावावी लागली असती. वस्तादनं सगळ्या बायांना त्याच्या दुकानासमोर ओळीनं उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावले आणि सुतळीनं मापं घेतली. येणारेजाणारे म्हणाले, इथं काय कवायत सुरू झाली काय!

आमच्यात एक म्हातारी होती, पोळ्यांमध्ये तिचा हात धरणारी कोणी नव्हती. ती म्हणाली, "उभ्यानं पोळी लाटली तं घरातली लक्ष्मी जाते, वस्ताद."

"फोटोत पाह्य," वस्ताद म्हणाली. "लक्ष्मी उभीच हाय. तिची कंबर दुखते काय? नाई. तुही दुखते."

म्हातारी त्या दिवसापासून उभी राहिली. आता सांगितलं तरी बसत नाही.

आणखी एक वेड सांगते. यजमान बोलणी करायला आला, म्हणजे बुंदी करायची की जिलेबी, माणसं किती, हे सगळं मागून. पहिला प्रश्न एकच, "बायांले जाची जागा कुठं हाय?" समोरचा माणूस लाजेनं लालेलाल. मंडपात दिवसदिवस भट्टीपुढं राबणाऱ्या बायांनी जायचं कुठं, हा प्रश्न कोणाच्या बापजन्मात कोणी विचारला नव्हता. वस्ताद नुसतं विचारून थांबत नसे, जाऊन पाहून येई. आतून कडी लागते का, पाणी आहे का. कडी नसेल तर काम नाही. एका गावात यजमान वैतागून म्हणाला, "तुमी सयपाक कराले आल्या का पाहनी कराले?"

"दोन्हीले," ती म्हणाली. "पाहनी झाली. आता सयपाकाचं बोला."

नावांचंही तिचं वेगळंच. आमच्याकडं बाई म्हणजे अमक्याची माय, तमक्याची बायको. ते तिच्या भट्टीवर चालत नसे. तिथं ज्याचं काम तेच त्याचं नाव. मी फोडणी. ती म्हातारी म्हणजे परात. "ए फोडनी, झोपली काय व? ए परात, हात चालव!" पहिल्या दिवशी विचित्र वाटलं. मग असं झालं की घरी कोणी 'अमक्याची माय' म्हटलं की मला चटकन कळायचंच नाही, कोणाला हाक मारली.

आणि कांदे! कांदे कापताना कोणी गप्प बसायचं नाही, असा तिचा कायदा. पोत्यानं कांदे कापायचे आणि कापताना हसायच्या गोष्टी सांगायच्या. तिचं म्हणणं, कांद्याचं निमित्त झालं की बाया खरंच रडून घेतात, घरचं सगळं आठवून आठवून रडतात आणि कांदे तसेच राहतात. आम्ही काय काय सांगितलं असेल ते लिहिता यायचं नाही. परात तर अशी एकेक गोष्ट काढायची की बाया सुरी ठेवून पोट धरत. नाकाडोळ्यातून पाणी आणि तोंडातून हसू.

चिडकी किती होती! एकदा कच्ची बुंदी काढली म्हणून माझ्या अंगावर झारा फेकला होता, मी वाकले म्हणून वाचले. शाबासकी तिच्या तोंडून निघाली असेल तर मी तरी ऐकली नाही. चांगलं झालं की गप्प बसायची, तीच शाबासकी समजायची. पण न्याय सारखा. भट्टीवालीची आणि लाटणारीची दिवसाची मजुरी एकच. आणि भांडी गड्यांनी घासायची! हो, तिच्याकडं गडीही होते, पाणी भरायला, ओझी उचलायला आणि भांडी घासायला. आमच्याकडच्या लग्नात जो मोठा गंज असतो, ज्यात माणूस उभा मावेल, तो घासायला जोर लागतो. "जोराचं काम गड्याचं, असं तुमीच म्हनता ना?" ती म्हणायची. "घ्या, हे जोराचं काम."

माझ्या नवऱ्यालाही तिनं तिथंच लावलं. पहिल्या दिवशी हे रस्त्याकडं पाठ करून भांडी घासत होते, ओळखीचं कोणी पाहील म्हणून. वस्तादनं नळ दुसऱ्या बाजूला नेला, झालं, तोंड रस्त्याकडं! हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग हळूहळू बोलू लागले, आणि एक दिवस मला शिकवू लागले की करपलेला गंज राखेनं घासायचा की लिंबाच्या सालीनं.

पण ज्यासाठी वस्ताद साऱ्या तालुक्यात बदनाम होती ती गोष्ट वेगळीच. तिच्या भट्टीची माणसं पाहुण्यांच्या आधी जेवत. बाया आणि गडी एकाच पंगतीत, गरम गरम, ताट वाढून. सयपाक झाला की शिट्टी व्हायची आणि आधी भट्टीची पंगत बसायची. देवाचा नैवेद्य ती सकाळीच वेगळ्या लहान भांड्यात शिजवून झाकून ठेवायची, त्यामुळं देवाची काही तक्रार नव्हती. तक्रार माणसांची होती. वरपक्षाच्या आधी आचारणी जेवतात म्हणजे काय? आम्हालाही ते जड गेलं. आमच्यातल्या एकीनंही उभ्या आयुष्यात गड्यांच्या आधी घास घेतला नव्हता. खरकट्या कढईत भात कालवून, उभ्याउभ्या, थंड झालेलं खायची सवय. पहिल्यांदा त्या पंगतीत बसले तेव्हा गरम भाजीनं माझी जीभ पोळली. इतकं गरम मी कधी खाल्लंच नव्हतं हो!

"आपन काय केलं थे आपल्याले मालूम नको काय?" वस्ताद म्हणायची. "लोक खातात अन् आपन त्याईच्या तोंडाकडे पाहत बसतो. हे काय काम झालं?"

आता माझ्या भट्टीच्या पहिल्या लग्नाचं सांगते. 

आमच्या वाडीतली निम्मी माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. आम्हीही त्यातलेच, उन्हाळ्यात परतलो की मी भट्टीवर. मुकादमाची गाडी येते, भांडीकुंडी, पोरंसोरं, कोंबड्या सगळं त्यात चढतं आणि वाडी रिकामी होते. तिकडं फडात नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मी वस्तादला हे सांगितलं तेव्हा तिनं हातातला झारा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हन्जे तू अर्धा कोयता? अर्धा कोयता कोन्या दुकानात भेटते व?" मी हसले. पण मला हसू येत नव्हतं. माझ्या पोरीची शाळा दरवर्षी दिवाळीला तुटायची आणि उन्हाळ्यात परत जोडायची. ती पाचवीत गेली होती आणि तिला तिसरीचं गणित येत नव्हतं.

त्या वर्षी वस्तादचे गुडघे बोलू लागले. तिनं मला बोलावून सांगितलं, "तुळशीच्या लग्नानंतरचं पयलं लग्न तुहं. भट्टी तुही, मी हात नाई लावनार. जमलं तं साऱ्या सीझनची दुसरी भट्टी तुले देतो. नाई जमलं तं मंग तुहा मुकादम हायच." चिडली किंवा खुश झाली की ती 'देते' ऐवजी 'देतो' म्हणायची.

घरी सांगितलं. हे म्हणाले, "गाडी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी येऊन राह्यली. पाहू. लग्न नीट निंगालं तं राहू, नाई तं गाडीत बसू." सरळ हिशोब. पोरगी दप्तर मांडीवर घेऊन ऐकत होती.

लग्न शिरपूरजवळच्या एका गावात. नवरीचे वडील साधा माणूस, पण घाबरट. दोन फोन, दोन्ही कानाला. आम्ही पोचलो तसे धावत आले आणि वस्तादला म्हणाले, "कडी नवीन बसवली, बरं! पाहून घ्या." वस्ताद पाहून आली, मान हलवली. मग त्यांनी हळूच विचारलं, "भट्टीवर तुमीच ना?"

"नाई. हे फोडनी हाय."

त्यांनी मला खालीवर पाहिलं. "अन् गडी मानूस कोनी?"

"एक हाय," वस्तादनं आमच्या यांच्याकडं बोट दाखवलं. नवरीच्या वडलांचा जीव भांड्यात पडला. वस्ताद प्लास्टिकची खुर्ची घेऊन लिंबाखाली बसली आणि शिट्टी पदरात बांधून टाकली.

मी कामाला भिडले. काय उत्साह म्हणता! वरण रटरटत होतं, बुंदी पडत होती, डिझेल भट्टी घुंई घुंई करत होती आणि मी मधोमध उभी राहून ओरडत होते, पाणी आणा, आच कमी करा, सरका! मुख्य गोष्ट म्हणजे आलू-वांग्याची भाजी. आमच्याकडं लग्नाची अब्रू त्या भाजीवर असते. बुंदी बिघडली तर लोक चालवून घेतात, भाजी बिघडली तर नातवांच्या लग्नापर्यंत बोलतात.

भाजीला उकळी आली आणि मी ओरडले, "परात, मीठ!"

आता परात पडली जुन्या वळणाची. मीठ कोणाच्या हातावर द्यायचं नाही, भांडण होतं, हे तिच्या रक्तात. खाली ठेवावं तर टेबलावर तीळ ठेवायला जागा नव्हती. तिनं काय केलं, मिठाचा वाडगा सरळ भाजीत उलटा केला आणि गुपचूप आपल्या पोळ्यांकडं निघून गेली. मी पाठमोरी, वरण ढवळत होते. वळून पाहिलं तर परात तिकडं, मिठाचा वाडगा दिसेना. मला वाटलं, विसरली म्हातारी. मी दुसरा वाडगा घेतला आणि मीही घातलं.

आणि चाखलं नाही! नैवेद्य सकाळीच वेगळा काढलेला होता, देवाची परवानगी होती, तरी हात पुढं जाईना. देवाच्या आधी, पाहुण्यांच्या आधी पळी तोंडाजवळ नेणारी बाई कशी असते हे माझ्या आईनं मला लहानपणी चांगलं समजावलं होतं, उलथन्यानं. मी वासावरून ठरवलं, मस्त झाली.

सयपाक उरकला. वरात वेशीत नाचत होती. वस्ताद खुर्चीवरून म्हणाली, "बसा." आम्ही ताडपत्रीवर पंगत धरली. हे माझ्या समोर बसले. वाढलं. पहिला घास घेतला.

अरे देवा! समुद्र! दोन्ही वाडग्यांचं मीठ!  मी वर पाहिलं तर सगळ्या बाया खाली मान घालून जेवत होत्या. एक हूं नाही की चूं नाही. घोटभर पाणी प्यायच्या, परत घास घ्यायच्या. घरी अन्नाला नाव ठेवायचं नाही हेच शिकलेल्या आम्ही सगळ्या, आधी जेवायला शिकलो आणि बोलायला शिकलोच नाही! हेसुद्धा माझ्याकडं पाहत, डोळ्यांत पाणी आणून, मुकाट्यानं गिळत होते. मला वाचवत होते बिचारे.

वस्तादनं घास घेतला. चावला. गिळला. सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं.

"कोनाले काई म्हनाचं हाय?"

कोणी नाही.

"नाई? मंग वाढू द्या पाव्हन्याईले."

"खारट झाली," परात पुटपुटली.

"ऐकू नाई आलं."

"खारट झाली व माय! मीच मीठ टाकलं न् बोलली नाई!" परात ओरडली. जेवताना जन्मात पहिल्यांदा ओरडली असेल.

आणि नेमके तेव्हाच नवरीचे वडील आले. समोर पाहतात तर आचाऱ्यांची पंगत! त्यांचा चेहरा पांढराफटक. "अवो, काय करून राह्यले तुमी? वरात वेशीत, पाव्हने उपाशी अन् तुमी जेवता? माह्या पोरीच्या लग्नात पाव्हन्याईले उष्टं वाढता काय?" त्यांचा आवाज रडका झाला. खरंच, माणूस रडायच्या बेतात होता.

वस्ताद उठली नाही. तिनं पोळीत भाजी गुंडाळली आणि त्यांच्यापुढं धरली. "एक घास खा. मंग काय बोलाचं थे बोला."

त्यांनी खाल्ला. तोंड असं झालं की काय सांगू! वस्तादनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "हे तुमच्या पंगतीत जाऊन राह्यलं होतं. आमी आधी बसलो म्हून इथं थांबलं."

ते मटकन ताडपत्रीवर बसले. "आता काय कराचं, वस्ताद?"

"मले नोका विचारू. भट्टी हिची हाय."

सगळे माझ्याकडं पाहू लागले. मला गाडी दिसली, फड दिसला, पोरीचं दप्तर दिसलं. रडू आलंच होतं, पण त्याच्या आधी राग आला, स्वतःचा, मिठाचा, आईच्या त्या शहाण्या उलथन्याचा! मी ताट सारलं आणि उठले. "दुसरा गंज आणा! अर्धी भाजी त्यात काढा! दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांसाठी ठेवलेले सगळे आलू आणा, उकडा, मीठ कोणी लावलं तर हात तोडीन! टमाटे कापा, शेंगदाण्याचा कूट करा! परात, पोळ्या सोड, इकडं ये!" कोण मी? मी! बाया अशा पळाल्या की पदर एकीचा आणि पाठ दुसरीची. हे पाण्याच्या कळश्या घेऊन धावत होते. नवरीचे वडील कोट काढून उकडलेले आलू सोलायला बसले, हात पोळून घेत, फोन दोन्ही बाजूला टाकून. आणि त्या वरातीत नाचणाऱ्यांचं देव भलं करो! डीजेवर अशी काही धून लागली की नवरदेवाचे मित्र वेशीतून हालेनात. एरवी मी त्यांना शिव्या दिल्या असत्या.

दोन्ही गंज खदखदले. मी पळीनं भाजी हातावर घेतली, फुंकली आणि चाखली. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या समोर. परत चाखली. झाली! नवरीच्या वडलांनी हात पुढं केला. त्यांनी चाखली, मग म्हणाले, "अजून जरा द्या, नीट समजलं नाई." असं तीनदा नाही समजलं त्यांना!

पंगती बसल्या. वाढपी "भाजी, भाजी" करत परत परत गंजाकडं येत होते. एक म्हातारे पाव्हणे तर भाजीसाठी पोळी मागत होते आणि पोळीसाठी भाजी. मी तंबूच्या आडून पाहत होते आणि माझ्या तोंडावरचं हसू मला आवरत नव्हतं.

शेवटची पंगत उठली. आमच्याकडं अशी रीत आहे की कार्य नीट पार पडलं की यजमान आचाऱ्याला कुंकू लावतो, डोक्यावर टोपी घालतो, खांद्यावर दुपट्टा टाकतो, हातात नारळ देतो. मोठा मान असतो तो. नवरीचे वडील ताट घेऊन निघाले, मागं घरची माणसं, फोटोवाला. मी पदराला हात पुसले, केस सारखे केले. ते माझ्याकडं पाहून हसले, वस्तादकडं पाहून हसले आणि आमच्या दोघींच्या मधून निघून नळाकडं गेले.

तिथं आमचे हे कमरेपर्यंत गंजात वाकून घासत होते. त्यांना बाहेर ओढलं. "या या, लाजू नोका!" कुंकू लावलं, टोपी घातली, दुपट्टा टाकला. टाळ्या! फोटो! त्या माणसाच्या मनात काळंबेरं काही नव्हतं हो. स्वतःच्या डोळ्यांनी त्यानं सगळं पाहिलं होतं, माझ्यासोबत आलू सोलले होते. पण हातात टोपी आली आणि हात आपोआप गड्याचं डोकं शोधत गेला.

मला असं वाटलं की कोणीतरी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. वस्तादकडं पाहिलं. ती आमच्या यांच्याकडं पाहत होती. 

हे टोपी घालून उभे होते. आणि खरं सांगते, त्यांना ती आवडली होती. ऊस तोडून, दगड फोडून, विटा वाहून त्या डोक्यावर आजवर कोणी काही ठेवलं असेल तर ओझंच. त्यांनी टोपीला हात लावून पाहिला. राखेची बोटं उमटली. मग त्यांनी ती काढली.

"भाऊ," ते म्हणाले, "मी भांडे घासतो. भट्टी माह्या बायकोची हाय."

पँटीला हात पुसत ते माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी स्वतः टोपी माझ्या डोक्यावर घातली. ती माझ्या कानांपर्यंत खाली आली. दुपट्टा टाकला. नवरीच्या वडलांनी जीभ चावली, "माय व! चुकलं, चुकलं!" म्हणत नारळ माझ्या हातात दिला, आणि बाया अशा ओरडल्या की डीजे फिका पडला. मी रडत होते आणि हसत होते आणि मला कशाचीच लाज वाटत नव्हती.

"झालं काय?" वस्ताद खुर्चीवरून खेकसली.  "आता थो गंज आपोआप घासला जाईन काय?"

हे परत गंजात वाकले. इतक्यात फोन वाजला. यांचा फोन, हात ओले म्हणून माझ्या कमरेला खोचलेला. मुकादम होता.

"उद्या सकाळी गाडी येऊन राह्यली, वयनी. सामान बांधून ठेवा. अन् जरा त्याले द्या फोन, तुमच्या कोयत्याचं पक्कं कराचं हाय."

मी यांच्याकडं पाहिलं. त्यांनी गंजातून मान वर केली, माझ्याकडं पाहिलं आणि परत घासू लागले.

"ते भांडे घासून राह्यले," मी म्हटलं. "मीच सांगते. यंदा आमी येत नाई."